दोन गावांची एक पिशवी

नमस्कार. मागे उभे आहात ते सगळे बसा, प्लीज. भिंतीशी खुर्च्या आहेत. उभ्या माणसांसमोर बोलायची मला सवय नाही. खरं तर बसलेल्यांसमोरही नाही.

मी वृंदा. श्रीकांतची बायको. श्रीकांत माने, ज्याच्यासाठी आज तुम्ही सगळे आलात. म्युनिकहून मराठी मंडळाचे लोक आले. इंगोलश्टाटमधली आपली मराठी घरं आली. त्याच्या ऑफिसातले आले, आणि क्लबमधले सगळे ग्रीक आले. तुमचे आभार कसे मानू ते कळत नाही. काय बोलावं तेही कळत नाही. काल मी जर्मनमध्ये लिहून काढायला बसले. चार वाक्यं झाली आणि लक्षात आलं, की हीच चार वाक्यं मी विम्याच्या ऑफिसात सांगून आले होते. मग कागद फाडून टाकला.

म्हणून मी मराठीत बोलणार आहे. क्लबच्या लोकांना सई जर्मनमध्ये सांगेल. सई आमची मुलगी. घरात ती मराठी ऐकते आणि उत्तर जर्मनमध्ये देते. इतकी वर्षं मी त्यावरून तिच्याशी भांडले. आज पहिल्यांदा त्या सवयीचा उपयोग होतोय. आणि ज्या आज्यांना जर्मनही नीट कळत नाही, त्यांना त्यांची नातवंडं ग्रीकमध्ये सांगतील. म्हणजे माझं एक वाक्य इथे तीन वेळा बोललं जाणार. तेव्हा मी छोटी वाक्यं बोलते.

नवरात्र बसलं आणि चार-पाच दिवसांत श्रीकांत गेला. सकाळी कामावर निघाला, कारखान्याच्या पार्किंगमध्ये गाडी लावली, आणि गाडीतून उतरलाच नाही. पंचेचाळिशीचा माणूस. डॉक्टर म्हणाले, त्याला त्रास झाला नसणार. त्यावर विश्वास ठेवायचं मी ठरवलंय.

आता एक गोष्ट सुरुवातीलाच सांगते, म्हणजे मी का बोलतेय ते तुम्हाला कळेल. आमच्या केलरमध्ये, तळघरात, एक मोठी निळी पिशवी आहे. तिच्यात क्लबच्या जर्सी आहेत. तेरावा झाला आणि ती पिशवी मागायला दोन माणसं येऊन गेली. वेगवेगळ्या दिवशी आली. दोघांनी मला धीर दिला, दोघांनी सईसाठी खाऊ आणला, आणि दोघांनी जाताना पिशवीचं विचारलं. ते दोघंही इथे बसलेत. मी पिशवी कुणाला देते, त्यावर हा क्लब राहणार की त्याचे दोन होणार हे ठरणार आहे. मी तेव्हा काही बोलले नाही. आज बोलणार आहे.

पण मंडळाच्या लोकांना क्लब म्हणजे काय तेच माहीत नाही. मघाशी बाहेर कुणीतरी मला हळूच विचारलं, वृंदाताई, एवढे ग्रीक कसे? तर ऐका.

आम्ही इथे आलो तेव्हा सई बालवाडीत होती. इथला रविवार तुम्हाला माहीत आहे. दुकानं बंद, रस्ते रिकामे. खालच्या मजल्यावरच्या जर्मन बाईंच्या, त्या फ्राऊच्या, घरातून काट्या-चमच्यांचा आवाज आला तरी बरं वाटायचं. श्रीकांत कोल्हापूरचा. दार लावून जेवायची त्याला सवय नव्हती. रविवारी जेवण झालं की तो खिडकीपाशी उभा राहायचा, मग बूट घालायचा आणि डोनाऊ नदीच्या काठाने कुठेतरी चालत सुटायचा. मी विचारायचे, कुठे जाऊन आलास? तो म्हणायचा, कुठंच न्हाई.

असाच एका रविवारी तो परत आला तो हसत. मला म्हणाला, "वृंदा, आज भांडण ऐकलं."

मला वाटलं याचं डोकं फिरलं. पण तो खरंच खूश होता. नदीपलीकडे लाल खडीचं एक मैदान आहे, तिथे काही ग्रीक फुटबॉल खेळत होते. म्हणजे खेळत कमी होते, भांडत जास्त होते. हातवारे करून, घसा ताणून, एकमेकांच्या अंगावर जाऊन. श्रीकांत कडेला उभा राहून तास-दीड तास ते भांडण ऐकत होता. भाषा कळत नव्हती, पण सगळं कळत होतं म्हणाला. कित्येक महिन्यांत त्याने कुणाला मोठ्याने बोलताना ऐकलं नव्हतं. ऑफिसात कुणी आवाज चढवत नाही, ट्रेनमध्ये नाही, रस्त्यावर नाही. "आयला, आपल्या पेठांगत भांडायलेत," असं तो रात्री जेवतानाही दोनदा म्हणाला.

मी पुण्याची. मला फुटबॉलमधलं काही कळत नाही, अजूनही नाही. पण लग्नानंतर एवढं कळलं, की कोल्हापुरात फुटबॉल हा खेळ नाही, ते सोयरसुतक आहे. प्रत्येक पेठेचा संघ, प्रत्येक तालमीचा संघ. माझे सासरे सांगायचे, मॅच हरली की त्या दिवशी पेठेत कुणी कुणाशी बोलत नसे. श्रीकांत त्यात वाढला. आणि इथे येऊन त्याला डोनाऊच्या काठावर त्याच्या पेठा सापडल्या.

क्लबमधल्या लोकांनो, आता मी तुमच्याबद्दल आपल्या मंडळींना सांगणार आहे. सई, नीट सांग. गाळू नकोस.

हे सगळे ग्रीक एकाच डोंगरावरचे. पण त्या डोंगरावर दोन गावं आहेत, एक वर आणि एक खाली. मधे एक झरा आहे. त्या झऱ्याच्या पाण्यावरून यांच्या आजोबांचं काहीतरी झालं. काय झालं ते आता कुणालाच नक्की माहीत नाही, पण झालं हे सगळ्यांना माहीत आहे. मग दोन्ही गावांतली माणसं इथे कारखान्यात कामाला आली. हजार मैल लांब. आणि इथेही वरच्या गावचे एका कॉफीच्या दुकानात बसतात आणि खालच्या गावचे दुसऱ्या. वरच्या गावचे पुढारी स्टाव्रोस, ज्यांच्या रेस्टॉरंटमध्ये तुम्ही कधीतरी जेवला असाल. खालच्या गावचे थानासिस, कारखान्यात गाड्या रंगवायच्या विभागात आहेत. आजची सभा या कॅथलिक चर्चच्या हॉलमध्ये का आहे, असं विचारलं ना तुम्ही? कारण हा हॉल दोघांपैकी कुणाचाच नाही.

मग ज्या उन्हाळ्यात ग्रीसने युरोपचा कप जिंकला, त्या उन्हाळ्यात चमत्कार झाला. दोन्ही गावं रस्त्यावर आली. गाड्यांचे हॉर्न, झेंडे. स्टाव्रोस आणि थानासिस यांनी एकमेकांना मिठी मारली. त्या भरात ठरलं, की आपला एक क्लब काढायचा, रीतसर, नोंदणी करून, लीगमध्ये खेळायचं. दुसऱ्या दिवशी दोघांनाही पश्चात्ताप झाला असणार. पण शब्द गेला होता. आणि एकट्या गावाकडे अकरा धड खेळाडू नव्हते.

इथे फेराइन, म्हणजे रीतसर संस्था, काढायचा तर कोर्टात नोंद लागते आणि नोंदीला सात सभासद लागतात. वरच्या गावाने तीन दिले. खालच्या गावाने तीन दिले. सातवा कुणाचा? चौथा माणूस दुसऱ्या गावाला कुणीच द्यायला तयार नाही. पूर्ण हिवाळा त्यात गेला. दर रविवारी मैदानाच्या कडेला उभा राहून हे ऐकणारा एक इंडियन इंजिनिअर तेवढा सगळ्यांच्या ओळखीचा झाला होता. त्याला त्यांनी विचारलं. त्याने हो म्हटलं. मला न विचारता.

कोर्टातल्या बाईंनी सातही नावं मोठ्याने वाचली. सहा लांबलचक ग्रीक आडनावं आणि शेवटी माने. बाईंनी चष्मा वर करून विचारलं, हे आडनाव कुठल्या बेटावरचं? श्रीकांत म्हणाला, कोल्हापूर. बाई जर्मनमध्ये जा, जा, म्हणजे हो, हो म्हणाल्या आणि शिक्का मारला. हा किस्सा त्याने मला इतक्या वेळा सांगितला, की शेवटी मी त्याला म्हटलं, आता पुन्हा सांगितलास तर मी माहेरी जाईन. आज तो कुणीतरी सांगायला पाहिजे होता, म्हणून मी सांगितला.

तर असा क्लब निघाला. लीगच्या सगळ्यात खालच्या वर्गात. आणि पहिल्याच महिन्यात बुडायला आला, तो जर्सीवरून.

मंडळींनो, ज्याच्या घरी जर्सी धुतल्या जातात, जर्सी वाटतो तो. आणि जो वाटतो, तो कोण खेळणार ते ठरवतो. कप्तान काही का म्हणेना. पहिल्या मॅचला पिशवी वरच्या गावाकडे होती. खालच्या गावच्या पोरांना जर्सी शेवटी मिळाल्या, आणि ज्या मिळाल्या त्या बाह्या फाटक्या. दुसऱ्या मॅचला पिशवी खालच्या गावाकडे गेली. तेव्हा वरच्या गावच्यांना मिळाल्या त्या ओल्या आणि न धुतलेल्या. दहा नंबरची जर्सी तर पिशवीत नव्हतीच. ती घरी विसरली होती म्हणे.

त्या रविवारी संध्याकाळी आमच्या दाराची बेल वाजली. मी दार उघडलं. दारात स्टाव्रोस आणि थानासिस. मधे पिशवी. तिचा एक पट्टा याच्या हातात, दुसरा त्याच्या हातात, आणि दोघं एकमेकांकडे बघत नव्हते. मागे श्रीकांत, चोरासारखा. मी विचारलं, काय आहे हे? शेवटी स्टाव्रोस बोलले. मला ते वाक्य अजून तसंच्या तसं आठवतं.

"फ्राऊ माने, तुम्ही कुठल्याच गावच्या नाही. म्हणून तुमच्याकडे."

स्टाव्रोस, तुम्ही ते सन्मानानेच म्हणालात, मला माहीत आहे. पण ते मला लागलं. ते खरं होतं म्हणून लागलं. पुणं सोडून आले होते आणि इथली झाले नव्हते. ऑफिस नाही, मैत्रीण नाही, भाषा अर्धी. दुकानातल्या बाईला नमस्काराचं ग्रूस गॉट म्हटलं की माझं दिवसभराचं बोलणं संपायचं. आणि आता एक माणूस माझ्या दारात उभा राहून मला सांगत होता, की तू कुठलीच नाहीस, हेच तुझं चांगलं आहे. मी पिशवी घेतली. दार लावलं. आणि श्रीकांतशी दोन दिवस बोलले नाही.

मला या क्लबचा राग होता. सई, हे सांग. असंच सांग. माझा अख्खा रविवार हा क्लब घेऊन जायचा आणि बदल्यात घामेजलेल्या जर्सी द्यायचा. मी एकही मॅच बघायला गेले नाही. श्रीकांतने दर वेळी विचारलं आणि मी दर वेळी नाही म्हटलं. आमच्या इमारतीत मशीन केलरमध्ये आहे आणि प्रत्येक घराची धुण्याची पाळी ठरलेली. आमची पाळी शनिवारची. शनिवारी सकाळी मी ती लाल खडी जर्सीतून काढायची, निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या त्या सगळ्या जर्सी केलरमध्ये दोरीवर नंबराने वाळत घालायची, आणि मग तिथेच पायरीवर बसायची. वर जाऊन तरी काय करायचं होतं?

मग हळूहळू मला तुम्ही कळायला लागलात. चेहरे नाही, तुमचे नंबर. दहा नंबरच्या जर्सीला तळणीचा वास येतो, म्हणजे तो स्टाव्रोसच्या किचनमध्ये आहे. सहा नंबर दर वेळी उजव्या कोपरावर पडतो. पाच नंबर डाव्या बाहीला नाक पुसतो. सांग सई, लाजू नकोस, त्यालाही कळू दे. मी केलरमध्ये तुमच्याशी बोलायचे. मराठीत. पाच नंबरला मी खूप बोललेय. वेडी म्हणा हवं तर. पण त्या वर्षी सगळ्यात जास्त मराठी मी त्या जर्सींशी बोलले असेन.

श्रीकांत मॅचहून आला की मी विचारायचे, काय झालं? तो कधीच स्कोअर सांगायचा नाही. सांगण्यासारखा नसायचाच, तुम्ही सगळ्या मॅचेस हरत होतात. तो सांगायचा, आज थानासिसच्या पुतण्याने वरच्या गावच्या पोराला पास दिला. आज स्टाव्रोसने पाण्याची बाटली स्वतःहून पुढे केली. आज दोघं एकाच गाडीतून आले, पण बोलले नाहीत. हा त्याचा निकाल असायचा. त्यावर तो आठवडा काढायचा.

आणि मग आली खंडेनवमी.

क्लबच्या लोकांना तो दिवस आठवतोय, चेहऱ्यांवर दिसतंय मला. मंडळींना सांगते. श्रीकांतच्या घरी खंडेनवमीला त्याचे वडील हत्यारांची पूजा करायचे आणि पाटावर शेजारी पेठेचा फुटबॉलही ठेवायचे. इथे श्रीकांतने पाट मांडला. त्यावर लॅपटॉप, गाडीची किल्ली, माझी विळी, आणि फुटबॉल. मग तो केलरमधून पिशवी घेऊन आला. मी म्हटलं, जर्सी नको, पांढरे पट्टे आहेत. पण ऐकेल तर तो श्रीकांत कसला. एकेक जर्सी उलगडून त्याने छातीवर हळद-कुंकवाचं बोट टेकवलं. प्रत्येक जर्सीवर. अगदी मन लावून. मी त्याला तसं बसलेलं बघत राहिले.

आता इथल्या बायकांना पुढचं सांगायला नको. डाग काढायला मी त्या साबणात घातल्या आणि हळद झाली लाल. गडद लाल. दुसऱ्या दिवशी मॅच. प्रत्येक जर्सीच्या छातीवर, डाव्या बाजूला, लाल ठिपका. मी रडायचीच बाकी होते. श्रीकांत पिशवी घेऊन गेला तो खालमानेने.

पुढचं मी पाहिलेलं नाही, त्याने सांगितलं ते सांगते. समोरच्या संघाने बोटं दाखवून हसायला सुरुवात केली. खेळायच्या आधीच रक्त निघालं म्हणाले. स्टाव्रोस लाल झाले. आम्ही क्रॉस घालणारी माणसं, आमच्या छातीवर ही कसली खूण, ही काय जादू आहे, असं त्यांनी सगळ्यांसमोर श्रीकांतला विचारलं. वरच्या गावच्या दोघा-तिघांनी जर्सी काढून फेकली. श्रीकांतचं जर्मन तेव्हा माझ्याहून वाईट होतं. तो एवढंच म्हणू शकला, "आमच्यात ज्याच्यावर आपलं पोट चालतं आणि ज्याच्यात आपला जीव आहे, त्याला वर्षातून एकदा नमस्कार करतात."

आणि तेव्हा कीरिया एलेनी पुढे आल्या. कीरिया म्हणजे बाई, मान देऊन. त्या स्टाव्रोसच्या आई. तिथे पुढे बसल्यात, काळ्या शालीत. त्यांनी जमिनीवरची एक जर्सी उचलली, झटकली, तो लाल ठिपका बोटाने चाचपला आणि मुलाला ग्रीकमध्ये काहीतरी सुनावलं. काय ते श्रीकांतला नंतर थानासिसने सांगितलं. त्या म्हणाल्या, तुम्ही महिनाभर या कपड्यांवरून भांडताय, आणि यांना कुणी हात जोडले असतील तर ते या परक्या माणसाने. घाला.

घातल्या. सगळ्यांनी घातल्या. आणि समोरचे हसत राहिले म्हणून दोन्ही गावं पहिल्यांदा तिसऱ्याच कुणावर तरी चिडली. त्या दिवशी क्लब हरला नाही. जिंकलाही नाही, बरोबरी झाली. पण श्रीकांत घरी आला तो नाचत. स्कोअर त्याने तेव्हाही सांगितला नाही. म्हणाला, आज सगळे एका बाजूने भांडले.

त्यानंतर दर वर्षी खंडेनवमीला दोन्ही गावं आमच्या घरी यायला लागली. मी बोलावलं नव्हतं, ती आली. दाराबाहेर बुटांचा ढीग. खालच्या फ्राऊची तक्रार. चटईवर मांडीला मांडी लावून वरचं गाव आणि खालचं गाव, आणि मी शिरा वाढतेय. कीरिया एलेनींनी शिऱ्यात दालचिनी पाहिजे म्हणून सांगितलं, आणि मी घातली. पहिल्या वर्षी मी वैतागले. दुसऱ्या वर्षी थोडी कमी वैतागले. मग मी आदल्या आठवड्यापासून रवा आणून ठेवायला लागले. वर्षात तो एकच दिवस होता, जेव्हा माझ्या घरात दार लोटायला जागा नसायची. मला तो दिवस आवडायचा. श्रीकांतला मी हे कधी सांगितलं नाही, पण त्याला माहीत होतं, कारण दर वर्षी तो चार माणसं जास्त आणायचा.

या वर्षी खंडेनवमी सुतकात आली. पाट मांडला नाही. मी घरात अंधार करून बसले होते. दार कुणी वाजवलं नाही, आणि तेच बरोबर होतं. तुम्ही सगळे मान राखून लांब राहिलात. पण लांब राहिलात ते आपापल्या कॉफीच्या दुकानात. आणि तिथे ठरलं, की आता माने नाहीत, तर मधला माणूसही नाही. मग एकत्र राहायचं कशाला? आता दोघांकडेही पोरं वाढली आहेत. दोन क्लब होऊ शकतात. क्लबचं नाव ज्याच्याकडे जर्सी त्याचं.

स्टाव्रोस, तुम्ही मला हे अगदी प्रेमाने सांगितलंत. थानासिस, तुम्ही रडत रडत सांगितलंत. मी तुमच्यावर रागावलेले नाही. भांडण तुमचं आहे, तुमच्या आजोबांचं आहे, ते मिटवायला मी कोण? श्रीकांतनेही कधी मिटवलं नाही. तो फक्त त्याच्या मधे उभा राहायचा. त्याला ते आवडायचं. बाकी आठवडाभर त्याला कुणी नव्हतं, आणि कुणाला तो लागत नव्हता. हे मी आज सांगते, कारण ऑफिसातले लोक म्हणतात, तो किती शांत होता. तो शांत नव्हता. तो एकटा होता. रविवारी तुम्ही भांडायचात आणि तो एकटा नसायचा.

आल्झो. तर मग, पिशवीचं सांगते.

पिशवी केलरमध्ये आहे. शेवटच्या मॅचहून त्याने ती आणून ठेवली, तशीच आहे. मी धुतलेली नाही. खाली गेले की वास येतो. घामाचा, खडीचा. रोज खाली जाते, पायरीवर बसते आणि वर येते. तिची चेन उघडायची हिंमत झालेली नाही. तो गेल्यापासूनच्या मॅचेस क्लबने पुढे ढकलल्या, आजचीसुद्धा, त्याबद्दल आभार. पुढच्या रविवारी मॅच आहे, असं मला दोघांनीही सांगितलंय.

शनिवारी माझी धुण्याची पाळी आहे. मी मशीन लावणार आहे. एकदाच लावणार. सगळ्या जर्सी एकत्र. रविवारी पिशवी मैदानावर येईल आणि ती मी घेऊन येईन. तुम्हा दोघांपैकी कुणाच्याच हातात मी ती देणार नाही. ज्याला त्यातली जर्सी घालायची, त्याने माझ्यासमोर येऊन घ्यावी. ज्याला नको, त्याने येऊ नये. माझा भाऊ पुण्याहून रोज फोन करतो, तू परत कधी येतेस. मी जाणार की राहणार, ते मला माहीत नाही. सईची शाळा आहे, माझं काय आहे ते मला सांगता येत नाही. मी अजूनही कुठल्याच गावची नाही. पण शनिवारी मी इथे आहे, आणि रविवारी मी इथे आहे.

आता आपल्याला श्रीकांतसाठी उभं राहायचंय. गप्प राहायचंय, थोडा वेळ. पण तुम्ही कसे बसलात ते मी मघापासून बघतेय. खिडकीच्या बाजूला वरचं गाव. दाराच्या बाजूला खालचं गाव. मधे ही एवढी मोठी वाट. आणि आपली मराठी माणसं पुढे, एकमेकांना चिकटून. असं उभं राहिलात तर मी ती शांतता धरणार नाही.

उठा आणि जागा बदला. स्टाव्रोस, तुम्ही थानासिसच्या शेजारी या. बोलू नका, नुसते शेजारी उभे राहा, तेवढं जमेल. कीरिया एलेनी, तुम्ही बसूनच राहा, सगळे तुमच्याभोवती येतील. मंडळाच्या लोकांनो, मागे जा. ज्याला ओळखत नाही त्याच्या शेजारी जाऊन उभे राहा. तुम्ही हललात, की मग आपण गप्प होऊ.

सई, एवढं सांग आणि माझ्याजवळ ये.

मी थांबते. सावकाश उठा, मला घाई नाही. आज रविवार आहे. संध्याकाळी मैदानावरून घरी कुणी यायचं नाही.